आईला खाज सुटलीय आणि आत्या म्हणतात, 'डिटॉक्स होतंय'

तासगाव तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. आई ५८ वर्षांची. शुगर, बीपी आणि थायरॉइड, तिन्हीच्या गोळ्या चालू. आत्या एका डायरेक्ट सेलिंग कंपनीत 'लीडर' आहेत. त्यांनी आईला चार वस्तू सुरू करून दिल्या: सकाळी नाश्त्याऐवजी सोया प्रोटीनचा शेक, नोनीचा रस, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि केस-नखांसाठी गोळ्या. महिन्याचा खर्च साडेसात हजार. पाचव्या आठवड्यात आईच्या अंगाला खाज सुटली, मळमळ सुरू झाली, जेवण नकोसं झालं. आत्या म्हणतात, "विषारी द्रव्यं बाहेर पडतायत, डिटॉक्स होतंय, आता सोडू नका." शुगरची गोळीही त्यांच्याच सांगण्यावरून महिनाभर बंद आहे. मुलाचे प्रश्न दोन: हे सुरक्षित आहे का, आणि आत्यांना न दुखावता थांबवायचं कसं?

मी सांगली-मिरजेत फिजिशियन आहे. असे डबे घेऊन येणारे पेशंट आता नवीन राहिलेले नाहीत.

आधी आजचं काम. चारही वस्तू आजच बंद करा. 'एकेक कमी करून बघू' असं करत बसू नका. आईच्या डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाउजेडी, खिडकीपाशी नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नको. लघवीचा रंग विचारा. चहासारखी गडद होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, झोपेचं तंत्र बिघडून दिवसा गुंगी आणि बोलण्यात असंबद्धपणा येत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता दवाखान्यात न्या. यातलं काही नसेल तरी उद्या सकाळी रक्त द्या: यकृतासाठी एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि बिलिरुबिन, रक्त नीट गोठतंय का ते बघायला आयएनआर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, शिवाय उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी. शुगरची गोळी पुन्हा कुठल्या डोसने सुरू करायची हे तिचे नेहमीचे डॉक्टर हे रिपोर्ट बघून ठरवतील, पण तो निर्णय एक-दोन दिवसांत व्हायला हवा, पुढच्या महिन्यात नाही. आणि जाताना चारही डबे पिशवीत घालून न्या. फोटो नको, डबेच न्या, मागची बारीक अक्षरं फोटोत वाचता येत नाहीत.

आता त्या डिटॉक्सविषयी. खाज, मळमळ आणि अन्नावरची वासना उडणं ही यकृताला सूज आल्याची अगदी पाठ्यपुस्तकी सुरुवात आहे. कावीळ दिसते ती नंतर. प्रत्येक वेळी तसंच असेल असं नाही, महिनाभर शुगर मोकाट सुटली तरीही खाज येते. पण 'विष बाहेर पडतंय' हा खुलासा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण त्यात हरायची सोयच नाही. बरं वाटलं तर वस्तूचा गुण, त्रास झाला तर तोही वस्तूचाच गुण. यकृताला औषधाने किंवा अर्काने इजा झाली तर पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपचार म्हणजे ती वस्तू थांबवणं. लवकर थांबवलं तर बहुतेकांचं यकृत आपणहून सावरतं. 'सोडू नका' हा सल्ला नेमका तोच उपचार अडवतो. थांबवल्यावर बरं वाटलं म्हणून 'आता बघू परत घेऊन' हेही करू नका. दुसऱ्या वेळची इजा पहिलीपेक्षा जोरात होऊ शकते.

मुळात डायरेक्ट सेलिंगमधून विकली जाणारी प्रत्येक गोष्ट विषारी असते असं मी म्हणत नाही. बरेचसे डबे साधे असतात: दुधाची भुकटी, सोया, साखर, थोडी व्हिटॅमिन्स. घोळ होतो तो डबा कुणाच्या हातून, काय सांगत घरात येतो त्यात. मेडिकलच्या दुकानातून तुम्ही काही घेता तेव्हा काउंटरपलीकडे निदान फार्मसी शिकलेला माणूस असावा अशी अपेक्षा असते, आणि तो तुमचा कोणी लागत नाही. इथे विकणारी आत्या असते, मामी असते, शाळेतले सर असतात, सोसायटीतल्या वहिनी असतात. त्यांच्या मनात कपट नसतं, त्या स्वतःही तेच पीत असतात. पण त्यांना शिकवलेलं असतं ते हॉटेलच्या हॉलमधल्या मीटिंगमध्ये, अपलाइनने, म्हणजे ज्यांनी त्यांना कंपनीत आणलं त्यांनी, आणि तिथे मूत्रपिंड, यकृत, गोळ्यांचा आपसातला झगडा यावर कुणी बोलत नाही. बोलतात ते 'रिझल्ट'वर. शिवाय पॉइंट डब्यांच्या संख्येवर मिळतात. एका वस्तूने भागत असलं तरी 'पूर्ण कोर्स' चार वस्तूंचा होतो, आणि महिनाअखेरीला लेव्हल टिकवायची असेल तर कोर्स सहा वस्तूंचाही होतो. तुमची आई तरी काय करणार? वन्संनी घरी येऊन हातात ग्लास दिला तर 'मी आधी डॉक्टरांना विचारते' असं कुठली भावजय म्हणेल?

डबा हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक असेल. मीटिंगमध्ये तो 'सरकारमान्य' म्हणून दाखवतात. हा अन्नपदार्थाचा परवाना आहे. नवीन औषध बाजारात आणायचं तर माणसांवरच्या चाचण्यांमधून ते किती गुणकारी आणि किती सुरक्षित हे दाखवावं लागतं. या डब्याला तसं काही करावं लागत नाही, कारण कायद्याच्या लेखी तो अन्न आहे. म्हणूनच न्यूट्रास्युटिकल्सच्या, म्हणजे अशा पूरक आहाराच्या, २०१६ च्या नियमांनी या डब्यांवर 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून वापरू नये, असं छापायला लावलं. कंपनी ते छापते. तोंडाने मात्र आत्या सांगतात की याने शुगर मुळापासून जाते. कंपनीच्या कागदावर हे वाक्य कुठेही नसतं, ते फक्त माणसाकडून माणसाकडे, व्हॉट्सअॅपच्या ऑडिओतून फिरतं. औषधे व जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह आहे, आणि जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या ५३ व्या कलमात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण बैठकीच्या खोलीत बोललेलं सिद्ध कोण करणार?

लेबलवर आणखी एक गोष्ट शोधा: 'प्रोप्रायटरी ब्लेंड'. बारा वनस्पतींची नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन. कशाचा किती अर्क ते कळत नाही. असं दिसलं की मी पेशंटला पुढचं वाचायलाच लावत नाही, डबा बाजूला ठेवायला सांगते.

आता आईच्या चार वस्तू. हळदीपासून सुरू करते, कारण सांगली जिल्ह्यात हळदीविषयी वाकडं बोलणं म्हणजे आपल्याच घरावर धोंडा. मार्केट यार्डातले सौदे, हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं), २०१८ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं मान्य. भाजीतल्या हळदीला मी हात लावत नाहीये. पण भाजीतली हळद आणि ही कॅप्सूल यांत फरक आहे. हळदपुडीत करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, साधारण २ ते ५ टक्के, आणि त्यातलंही आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. अर्काच्या कॅप्सूलमध्ये ते ९५ टक्क्यांपर्यंत नेलेलं असतं, आणि शोषण वाढावं म्हणून सोबत मिरीतलं पायपेरिन. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की पायपेरिनमुळे माणसात करक्युमिनचं शोषण वीस पटींपर्यंत वाढतं. जाहिरातीत हा आकडा अभिमानाने येतो. यकृताच्या दृष्टीने तो अभिमानाचा नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटशी जोडलेले १० रुग्ण मांडले. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. म्हणजे हे सगळ्यांना होत नाही, ज्याच्या अंगात ती ठेवण आहे त्याला होण्याची शक्यता जास्त. आत्यांना काहीच झालं नाही आणि आईला झालं, यात आश्चर्य नाही ते यामुळे. इटलीतही २०१९ मध्ये अशाच प्रकरणांनंतर सरकारने या कॅप्सूलवर इशारा छापायला लावला. तुमच्या आईच्या चारांपैकी माझा पहिला संशय हिच्यावर आहे. खात्री रिपोर्ट आणि वेळ मिळूनच होईल.

याच ओघात गुळवेल. कोविडच्या काळात घराघरात काढा झाला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणारे यकृतदाहाचे सहा रुग्ण दिसले. त्यांनी ते प्रसिद्ध केल्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पती नीट ओळखलीच नव्हती, दुसरी सारखी दिसणारी वेल असेल. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्ण नोंदवले. वाद काही असो, पेशंटच्या बाजूने निष्कर्ष एकच निघतो. वेल खरी असो की चुकीची, डब्यात ती घातलेली असेल तर ती कुठली हे तुम्हाला घरी बसून कळणार नाही. डायरेक्ट सेलिंगच्या कंपन्यांचं नावही अशा अभ्यासांत आलं आहे. २००७ मध्ये इस्रायलच्या डॉक्टरांनी १२ आणि स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी १० रुग्ण हर्बालाइफच्या उत्पादनांशी जोडून मांडले. कंपनीने हा संबंध कायम नाकारला आहे, आणि नेमका कुठला घटक दोषी हे सिद्ध झालेलं नाही. एक माणूस एका वेळी पाच-सहा उत्पादनं घेतो, प्रत्येकात वीस घटक, मग सिद्ध करायचं कसं, हीच तर अडचण.

शेकचं प्रकरण वेगळं आहे. तो विषारी नाही, तरी थायरॉइडच्या पेशंटला तो बऱ्याचदा भोवतो. आईची थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, नाश्त्याआधी निदान अर्धा तास घ्यायची असते. सोया, कॅल्शियम आणि लोह तिचं शोषण अडवतात, आणि कॅल्शियम-लोहापासून तर चार तासांचं अंतर हवं. शेकमध्ये बहुतेक वेळा तिन्ही असतं. पलूसकडच्या एक बाई माझ्याकडे येत. टीएसएच (थायरॉइडची तपासणी, गोळी कमी पडली की हा आकडा चढतो) दर वेळी चढलेला, मी गोळी वाढवत गेले तरी चढतोच. गोळी रोज घेते म्हणायच्या आणि खरंच घेत होत्या. शेवटी मी विचारलं, सकाळी उठल्यापासून काय काय करता, मिनिटामिनिटाचं सांगा. तेव्हा कळलं, गोळी शेकच्या घोटाबरोबर जात होती. "ते काय औषध नाही, म्हणून सांगितलं नाही," म्हणाल्या. शेक बंद केला, गोळी पाण्याबरोबर सुरू झाली आणि दोन महिन्यांत डोस उतरवावा लागला. त्या शेकचा डबा बघितला तर त्याच्यात दोष काहीच नव्हता, लेबलही व्यवस्थित होतं.

केसांच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं व्हिटॅमिन असतं, गरजेपेक्षा शेकडो पट. अंगाला त्याचा फारसा अपाय नाही. अपाय होतो तो रिपोर्टला. अनेक लॅबमधल्या यंत्रांची पद्धतच बायोटिनवर बेतलेली असते, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी३, टी४ खोटे जास्त येऊ शकतात. म्हणजे कागदावर थायरॉइड वाढलेलं दिसतं आणि डॉक्टर चांगली चाललेली गोळी कमी करतात. हार्ट अटॅकमध्ये बघतात ते ट्रोपोनिनही खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकाने, २०१७ मध्ये यावर इशारा दिला, त्यात ट्रोपोनिन खोटं कमी आल्यानंतर दगावलेल्या एका रुग्णाचा उल्लेख होता. तर आईची थायरॉइडची तपासणी उद्याच्या रक्तात करू नका. या गोळ्या बंद करून निदान तीन दिवस जाऊ द्या आणि मग करा.

नोनीच्या रसाबद्दल थोडक्यात: त्यात पोटॅशियम भरपूर असतं, बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर ती पोटॅशियम शरीरात राखून ठेवते, आणि मूत्रपिंड थोडं जरी मंदावलेलं असेल तर पातळी धोक्याची होऊ शकते. साखर असेल तर ती वेगळीच.

लेबलवर असलेल्या गोष्टींचं हे झालं. लेबलवर नसलेल्या गोष्टी आणखी वाईट. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या एफडीएला ७७६ सप्लिमेंट्समध्ये चोरून मिसळलेली औषधं सापडली, बहुतेक तीन प्रकारांत: लैंगिक ताकदीची, वजन उतरवण्याची, स्नायू फुगवण्याची. वजनाच्या डब्यांत नेहमीचा चोर म्हणजे सिब्युट्रामिन. हृदयाला धोका म्हणून भारतात ते २०११ मध्ये बंद झालेलं आहे. आपल्याकडे मला जास्त भीती वाटते ती सांधेदुखीच्या 'आयुर्वेदिक' पुड्यांची, ज्या कंपनीच्या डब्याच्या जोडीने कोणी 'माझ्याकडची स्पेशल' म्हणून खपवतो. कवठेमहांकाळकडचे एक द्राक्षबागायतदार अशीच पुडी घेत होते. गुडघे चार दिवसांत मोकळे झाले. भूक वाढली, गाल भरले, घरचे म्हणाले तब्येत सुधारली. माझ्याकडे आले ते शुगर चारशेच्या वर गेली म्हणून. गोल चेहरा, पोटावर जांभळट वळ, दंडावर जरा घासलं की काळंनिळं. पुडी तपासायला पाठवण्याइतकी उरलीच नव्हती, पण अंगावर लिहिलेलं स्टेरॉइड वाचायला लॅब लागत नाही. अशी पुडी झटक्यात बंद करायची नसते, हे मुद्दाम सांगते. बरेच महिने स्टेरॉइड गेलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि एकदम तोडलं तर बीपी कोसळून जीवावर बेतू शकतं. तेव्हा 'चार दिवसांत दुखणं गायब' अशी पुडी घरात सापडली तर डॉक्टरांना दाखवूनच थांबवा. वर 'आजच बंद करा' म्हटलं ते आईच्या चार वस्तूंबद्दल.

मग काहीच घेऊ नये का? तसं नाही. आई मेटफॉर्मिनवर असेल, त्यात शाकाहारी असेल, तर बी१२ कमी असण्याची चांगलीच शक्यता आहे. ते तपासा आणि कमी असेल तर डॉक्टर गोळी किंवा इंजेक्शन देतील, त्याला महिन्याला साडेसात हजार लागत नाहीत. प्रोटीनसाठी शेकची गरज नाही. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात सात-आठ ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यात सहा, शिवाय मटकीची उसळ, वाटीभर घट्ट दही. आईचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर मात्र प्रोटीन किती हे डॉक्टरांना विचारूनच. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात प्रोटीन सप्लिमेंट टाळायलाच सांगितलं आहे. त्याच वर्षी बाजारातल्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून केरळच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की जवळजवळ ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची होती. पैसे देऊन प्रोटीन घ्यायचं आणि तेही डब्यावर लिहिलंय तेवढं नाही, असा हा व्यवहार.

आत्यांचं काय करायचं? भांडू नका, आणि त्यांना 'फसवता' असंही म्हणू नका. त्यांचेही पैसे अडकलेले असतील, घरात न खपलेला माल असेल. सगळं माझ्यावर ढकला: "डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल येईपर्यंत सगळं बंद ठेवायला सांगितलंय." हे खोटंही नाही. एक गोष्ट मात्र स्पष्ट बोला, आणि आईसमोर नाही, आत्यांना बाजूला घेऊन: कुणाचीही शुगरची, बीपीची, फिटची, थायरॉइडची गोळी बंद करायला यापुढे सांगायचं नाही. आईसारख्या आणखी किती जणींना त्यांनी सांगितलंय ते विचारा. हा प्रश्न बहुतेकांना टोचतो, कारण त्या बायका त्यांच्या ओळखीच्याच असतात.

पैसे परत हवे असतील तर डायरेक्ट सेलिंगचे २०२१ चे नियम कामाला येतात. २८ डिसेंबर २०२१ ला ते लागू झाले. विकणाऱ्याकडे ओळखपत्र हवं, वेळ ठरवल्याशिवाय घरी यायचं नाही, माल परत देण्याच्या आणि पैसे परत मिळण्याच्या अटी ग्राहकाला सांगायच्या, आणि कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, हे सगळं त्यात आहे. पावती शोधून ठेवा. पावती दिलीच नसेल तर तीच तक्रार. कंपनीने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. अपाय झाल्याची नोंद वेगळी करायची असते, ती औषध दुष्परिणामांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ वर किंवा आईच्या डॉक्टरांमार्फत. डब्याच्या दर्जाबद्दल किंवा खोट्या दाव्याबद्दल शंका असेल तर अन्न व औषध प्रशासन, १८००-२२२-३६५. म्हणून उरलेला माल फेकून देऊ नका. बॅच नंबर दिसेल असा डबा, झाकण घट्ट लावून, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवून द्या.

रिपोर्टमध्ये एसजीपीटी वाढलेला निघाला तर तो आठवड्यातून एकदा, खाली येईपर्यंत बघावा लागेल. हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई च्या तपासण्या आणि पोटाची सोनोग्राफी करून दुसरी कारणं बाजूला काढावी लागतील. तोवर पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका, कुणी सुचवलेला काविळीचा पाला तर नकोच. बिलिरुबिन वाढत राहिलं किंवा आयएनआर दीडच्या वर गेला, तर यकृताच्या तज्ज्ञांकडे त्याच दिवशी.